अर्ध्या मिलिमीटरची जागा

व्हेर्चेल्लीच्या दंतवैद्यानं किल्ली देताना सांगितलं,
इंजिन अगदी शांत आहे, कानाला त्रास नाही.
एर्सिलियानं नोटा मोजल्या, मग पुन्हा मोजल्या,
आणि घरी येताना चढावर गाडी जी खोकायला लागली
ती ओढ्यापाशी येऊन दम घेत उभी राहिली.

सदुसष्टाव्या वर्षी बाईनं घेतली दोन सीटांची गाडी,
पंचाहत्तर सालची फियाट स्पायडर, टपावर ठिगळ,
लाल रंग उन्हानं विटून वीटकरी झालेला.
गल्लीत कुणी हसलं असेल. तिला ऐकू गेलं नसेल,
डावा कान गिरणीत गेला.

एकतीस वर्षं ती बिएल्लाच्या लोकर-गिरणीत माग दुरुस्त करायची.
चाळीस मागांच्या खडखडाटात
कुठला एक कण्हतोय ते तिला उभ्याउभ्या कळे.
आता स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावते,
मूठ उजव्या कानामागच्या हाडाला,
डोळे मिटते.
माझं काम टॉर्च धरायचं.
मी तिच्या बहिणीचा नवरा.
बहीण जाऊन दोन वर्षं झाली.
त्याबद्दल आम्ही बोलत नाही. बोलतो ते स्पार्क प्लगबद्दल.

कॉम्प्रेशन मोजलं. अकरा, अकरा, सात, अकरा.
तिसऱ्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं, तरी सातच.
म्हणजे पिस्टनच्या रिंगा निर्दोष,
चोर वर, व्हॉल्व्हमध्ये.

जानेवारीभर हेड तिच्या ओट्यावर होतं.
बोल्ट अंड्यांच्या खोक्यात, प्रत्येक खळग्यावर नंबर.
कार्ब्युरेटरचे जेट रॉकेलच्या बरणीत, लोणच्यासारखे.
एक स्टड मोडला. त्या दिवशी तिनं जी शिवी दिली
ती मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकली,
नेरीना द्यायची तीच.
टॉर्च जरा हलला.
"सरळ धर," एर्सिलिया म्हणाली.

तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह निघाला,
कड खाल्लेली, जळक्या पोळीसारखी.
आणि त्याच्या टोपीत, चकतीच्या खाली,
बिस्किटाच्या डब्याचा कातरलेला पत्रा,
त्यावर निळ्या पक्ष्याचं अर्धं डोकं.

ती बराच वेळ बघत राहिली.
"टकटक वाजत होती बिचारी.
कुणीतरी फट बुजवून तिला गप्प केलं.
मग व्हॉल्व्ह पुरता मिटेना,
आणि दर स्फोटाला आग तिथूनच निसटायची."
पत्रा तिनं एप्रनला पुसला.
"आवाज बंद केला म्हणून जळली."

मी टॉर्च विझवला, सेल वाचवायला.

नवा व्हॉल्व्ह तिनं हातानं घासून बसवला,
काठीच्या टोकाला रबरी वाटी, मध्ये करडी पेस्ट,
दोन्ही तळव्यांत काठी फिरवायची, रवीसारखी,
पुढे, मागे, उचलून पुन्हा,
जोवर कडेभर राखाडी रेघ
कुठंही न तुटता उमटत नाही.
पट्टा नवा. खुणेला खूण. गॅस्केट नवं.
मग चकत्या, एकेक, फीलर गेज घालून.
पान आत जावं, पण जाताना थोडं अडावं.
"अर्धा मिलिमीटर," ती म्हणायची.
"एवढी जागा ठेवायची. मग वाजू दे काय वाजायचं ते."

एप्रिलात, प्लग काढून, आधी नुसतंच फिरवलं,
तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत.
मग प्लग लावले, किल्ली.
दोनदा शिंकली. तिसऱ्यांदा लागली.
"वाजतेय," मी म्हणालो.
"वाजतेय," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली,
पुढचा दात सोन्याचा आहे हे मी विसरलो होतो.

ओरोपाच्या चढावर टप उघडा, थंडी कानात,
इंजिन शिवणयंत्रासारखं टकटकत निघालेलं.
स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे मी बसलो
तो तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला.
हे मला पाचव्या वळणावर लक्षात आलं.

"नेरीनाला इथं उलटी व्हायची," मी म्हणालो.

तिनं गिअर खाली घेतला.
"दर वेळी," ती म्हणाली. "आणि खापर माझ्यावर."